सहा लिटर पाण्याचा युक्तिवाद

लातूरच्या गंजगोलाईपासून चालत पाच मिनिटांच्या अंतरावर, वह्या-पुस्तकांच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर, प्राचीन अथेन्समधील न्याय, वक्तृत्व आणि शिक्षा या विषयावरील आठ रविवारांचा अभ्यासवर्ग मी नुकताच पूर्ण केला. बैठकीची वेळ सकाळी दहा ते दुपारी एक, शुल्क दीड हजार रुपये, आणि त्यात छापील टिपणे व मधल्या सुटीतला चहा. औशाच्या न्यायालयात बावीस वर्षे वकिली केलेल्या माणसाने रविवारच्या पक्षकारांना सोमवारचा वायदा करून, अडीच हजार वर्षांपूर्वीच्या खटल्यांसाठी एसटीने लातूर गाठावे, हे घरी कोणाला पटले नव्हते, आणि पहिल्या दोन रविवारी मलाही पटले नाही. आता मात्र या वर्गाची शिफारस करण्याइतके माझे मत बदलले आहे. ते कोणत्या बैठकांमुळे बदलले आणि कोणत्या बैठकांमुळे अजिबात बदलले नाही, हे नीट सांगावे असे वाटते.

आमच्या तुकडीत एकतीस जण होते. निम्मी मुले-मुली स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी (त्यांच्याशिवाय लातुरात कोणताही वर्ग भरत नाही), चार-पाच शिक्षक, दोन वकील, एक निवृत्त तलाठी, आणि मुलाला सोडायला म्हणून आलेले व पहिल्याच दिवशी स्वतःचेही नाव नोंदवून बसलेले एक आडत व्यापारी. शिकवणारे सर इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांचा आवाज बारीक आहे. पण प्रश्न विचारून झाल्यावर उत्तरासाठी मिनिटभर शांत थांबण्याची दुर्मीळ सवय त्यांना आहे.

पहिल्या दोन बैठकींत सनावळीच होती. ड्रॅकोचे कायदे इ.स.पू. ६२१, सोलोनच्या सुधारणा ५९४, क्लिस्थेनिसची लोकशाही ५०८, इफिआल्टिसने ॲरिओपॅगस या उमरावांच्या जुन्या मंडळाचे अधिकार काढून घेतले ते ४६२. हे सगळे फळ्यावर आले आणि पुसले गेले. त्यातली एकच गोष्ट माझ्या वहीत टिकली. अथेन्समध्ये गुन्ह्याचा तपास करणारे पोलीस नव्हते आणि सरकारी वकीलही नव्हता. सोलोनने अशी सोय करून ठेवली होती की सार्वजनिक गुन्ह्याबद्दल, ज्याचे नुकसान झाले त्यानेच नव्हे, तर इच्छा असेल त्या कोणत्याही नागरिकाने फिर्याद करावी. या सोयीबरोबर तिचा रोगही आलाच, म्हणजे फिर्यादीचा धाक घालून पैसे उकळणारे लोक. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज टाकून मग तडजोडीला बसणारे काही महाभाग आपल्याकडे पाहिलेल्यांना त्यांची निराळी ओळख करून द्यावी लागत नाही. त्यावर अथेन्सने उपायही केला होता. सार्वजनिक फिर्यादीत एकूण मतांच्या एक पंचमांश मतेही फिर्यादीला मिळाली नाहीत, तर त्याला एक हजार ड्राख्मा दंड होई आणि पुन्हा तशी फिर्याद करण्याचा त्याचा हक्क जाई. कसबी कारागिराची दिवसाची मजुरी एक ड्राख्मा धरली, तर या दंडाचा बोजा लक्षात येतो.

खरा वर्ग तिसऱ्या रविवारी सुरू झाला. सरांनी टेबलावर एक माठ ठेवला होता. त्याच्या बुडाजवळ भोक पाडून सलाईनच्या नळीचा बोटभर तुकडा बसवलेला, खाली बादली. अथेन्सच्या न्यायालयात बोलण्याची वेळ अशाच जलघटिकेने मोजली जात असे. तिथल्या आगोऱ्यात, म्हणजे मुख्य चौकात, उत्खननात सापडलेल्या अशा भांड्यात सुमारे ६.४ लिटर पाणी मावते आणि ते साधारण सहा मिनिटांत वाहून जाते. खाजगी दाव्यात किती पाणी मिळायचे हे दाव्याच्या रकमेवर ठरे. पाच हजार ड्राख्मांहून मोठ्या दाव्यात पहिल्या भाषणाला दहा माप पाणी (अशा एका भांड्यात दोन मापे), म्हणजे सुमारे अर्धा तास, एक हजाराच्या आतल्या दाव्यात त्याच्या निम्मे. आणि कायद्याचे कलम किंवा साक्षीदाराचा जबाब वाचला जात असताना कर्मचारी नळीला बोट लावून पाणी अडवून धरी. दाव्याचे मूल्यांकन करून त्यावर कोर्ट फी भरणाऱ्या आम्हा दोघा वकिलांना हा हिशेब एकदम आपला वाटला. फरक इतकाच की आमच्याकडे मूल्यांकन वाढले की मुद्रांक वाढतो, वेळ नाही.

मग सरांनी मला उभे केले. दावा शेताच्या बांधाचा, वादी मी, प्रतिवादी ते आडत व्यापारी, दोघांनाही एकेक माठ पाणी. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेले हे शहर, नळीतून धार सुटताच बोलणाऱ्याकडे कोणी पाहीना, सगळ्यांची नजर बादलीकडे, आणि मागून कोणीतरी “सर, पाणी वाया चाललंय की!” असे म्हणालेच. (ते वाया गेले नाही. प्रत्येक भाषणानंतर तेच पाणी माठात परत ओतले जात होते.) मी सवयीप्रमाणे गट नंबर, चतुःसीमा, मोजणीचा नकाशा आणि वहिवाट या क्रमाने निघालो. माठ रिकामा होत आला की धारेचा जोर कमी होतो आणि शेवटी नुसते थेंब पडू लागतात. ते थेंब पडू लागले तेव्हा मी मोजणीच्या तारखेवर होतो. बांध कोणी फोडला हे सांगायचे राहूनच गेले. व्यापाऱ्यांनी मात्र उभे राहताच दोघांचे आजोबा एकाच विहिरीवर मोट कशी हाकत होते ते सांगितले, माझ्याकडे बोट न दाखवता माझ्या लोभाविषयी दोन वाक्ये टाकली, आणि माठात पाणी शिल्लक असतानाच ते खाली बसले.

मतदानासाठी सरांनी सुताराकडून लाकडी चकत्या करून घेतल्या होत्या. अथेन्समध्ये इ.स.पू. चौथ्या शतकात त्या काशाच्या असत. चकतीच्या मध्यातून आरपार एक आखूड कणा. तो पोकळ असेल तर मत फिर्यादीला, भरीव असेल तर प्रतिवादीला. प्रत्येक न्यायपंचाला दोन्ही प्रकारची एकेक चकती मिळे. कण्याची दोन टोके अंगठा आणि तर्जनीने झाकून ती धरायची, म्हणजे कोणती चकती कुठे जाते हे शेजाऱ्याला दिसत नाही. मोजायचे मत एका रांजणात, उरलेले दुसऱ्यात. मते समसमान पडली तर प्रतिवादी सुटे. ती चकती चिमटीत धरून रांजणाकडे जाताना बोटांना कण्याचा पोकळपणा जाणवतो आणि पाहणाऱ्याला तो दिसत नाही, हे पुस्तकात दहा वेळा वाचूनही कळले नसते. एकोणतीस मतांपैकी मला अकरा मिळाली.

त्यानंतरच्या चर्चेतून हा वर्ग माझ्या मनात रुजला. मला हरवणाऱ्या अठरा जणांपैकी कोणाकडेही मी कारण मागू शकत नव्हतो. खाजगी दाव्याला दोनशे एक किंवा चारशे एक, सार्वजनिक फिर्यादीला पाचशे एक आणि क्वचित त्याहूनही अधिक असे हे न्यायपंच. तिशी ओलांडलेल्या सहा हजार नागरिकांच्या वार्षिक यादीतून त्याच सकाळी सोडतीने निवडलेले, जेणेकरून कोणाला आधी गाठून पैसे चारता येऊ नयेत. कायदा समजावून सांगणारा न्यायाधीश नाही. आपसांत विचारविनिमय नाही, लेखी निकालपत्र नाही आणि अपीलही नाही. “मग पंच कामून गप्प बसत होते?” हा परभणीच्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न वर्गातला सर्वांत चांगला प्रश्न होता. सरांनी उत्तर दिले की ते गप्प नसत, भाषणे चालू असताना चांगलाच गलका करत. फक्त निर्णय प्रत्येकाने एकट्याने घ्यायचा असे. आम्ही वकील निकालपत्र हातात पडले की आधी शेवटचा आदेश आणि लगेच त्यामागची कारणमीमांसा वाचतो, कारण अपील त्या कारणमीमांसेवरच उभे राहते. ज्या न्यायालयाला कारणच द्यावे लागत नाही, तिथे सगळा भार भाषणावर पडणार हे उघड आहे, आणि अथेन्समध्ये वक्तृत्वाचे शास्त्र का फोफावले याचे याहून सरळ स्पष्टीकरण मला कोणी दिलेले नाही. सरांनीही ते शब्दांत दिले नाही. ते मला अठरा विरुद्ध अकरा या आकड्याने दिले.

चौथा रविवार लिसियसचा. न्यायालयात ज्याचे त्यानेच बोलायचे आणि पैसे घेऊन दुसऱ्यासाठी उभे राहायचे नाही, असा नियम असल्यामुळे भाषण लिहून देण्याचा व्यवसाय तिथे वाढला. तहसील कार्यालयाबाहेर टाइपरायटर घेऊन बसणाऱ्या अर्जनविसाशी सरांनी केलेली तुलना अर्धीच बरोबर आहे. अर्जनवीस सगळ्यांचे अर्ज एकाच साच्यात घालतो. लिसियसचे कौशल्य असे की शेतकऱ्याचे भाषण शेतकऱ्याचे वाटावे आणि लिहिणारा कुठे दिसूच नये. स्वतः तो परदेशी वंशाचा रहिवासी होता. नागरिकत्व नसलेल्या माणसाने नागरिकांना त्यांच्याच तोंडची भाषा पुरवावी, यातली गंमत सरांच्या नजरेतून निसटली.

वाचायला घेतलेले भाषण एका अपंग माणसाचे होते. त्याला राज्याकडून रोज एक ओबोल (ड्राख्माचा सहावा भाग) भत्ता मिळत होता आणि तो धडधाकट आहे, धंदाही करतो, असा आक्षेप कोणीतरी घेतला होता. पाचशे जणांच्या नगरमंडळापुढे तो आपली बाजू मांडतो. मी घोड्यावर बसतो हे खरे, पण तो घोडा उसना आहे. पैसे असते तर खोगीर घातलेल्या खेचरावर आरामात बसलो असतो. मी दोन काठ्या घेऊन चालतो, तो माझ्या धडधाकटपणाचा पुरावा आहे काय? मी इतका सक्षम असेन तर मला नऊ आर्कनांच्या, म्हणजे नगराच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या, सोडतीत बसवा, आणि माझा ओबोल अपंग म्हणून या आक्षेपकाला द्या. माझ्या दुकानात रिकामटेकडे जमतात म्हणे. पण तुमच्यापैकी कोण न्हाव्याच्या, चांभाराच्या, अत्तरवाल्याच्या दुकानात टेकत नाही? वर्गात हशा पिकला. मतदान झाले आणि एकतीसपैकी पंचवीस चकत्या त्याच्या बाजूने पडल्या.

विरोधात गेलेल्या सहांमध्ये निवृत्त तलाठी होते. संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जांची चौकशी आणि हयातीचे दाखले यांत नोकरीची कितीतरी वर्षे घालवलेल्या या गृहस्थांनी फार शांतपणे सांगितले की या भाषणात त्याचे उत्पन्न किती, हे एकदाही आलेले नाही. “मला हसवणारा अर्जदार एकच भेटला होता. त्याचा सातबारा काढला तर सात एकर निघाली.” मग भाषण पुन्हा चाळले गेले. त्यात धंद्यातून फारसे मिळत नाही, एवढेच एक वाक्य आहे. बाकी सगळी करमणूक. अथेन्समध्येही या भत्त्याला मालमत्तेची मर्यादा होती, तीन मिना, म्हणजे तीनशे ड्राख्मा. वक्तृत्व पुराव्याची जागा कशी भरून काढते, हे माझ्या बावीस वर्षांच्या उलटतपासण्यांनी जेवढे शिकवले नव्हते तेवढे या अर्ध्या तासाने शिकवले.

पाचव्या बैठकीत वक्तृत्वाचा सिद्धान्त होता आणि ती बैठक पसरट झाली. इ.स.पू. ४२७ मध्ये सिसिलीहून आलेला गॉर्जिअस, वक्त्याचे शील, श्रोत्यांची भावना आणि युक्तिवाद अशी ॲरिस्टॉटलची तीन साधने, तोंडात खडे धरून बोलण्याचा सराव करणारा डेमोस्थेनिस, हे ओळीने येऊन गेले; खड्यांवर पंधरा मिनिटे गेली, जी एखाद्या वक्तृत्व स्पर्धेच्या शिबिरात शोभली असती. प्लेटोने वक्तृत्वाची तुलना पाककलेशी केली, ती मात्र सरांनी छान उलगडली. वैद्य पथ्य सांगतो आणि आचारी चमचमीत वाढतो. मुलांच्या न्यायालयात दोघांचा खटला चालला तर वैद्याची धडगत नाही. हे ऐकताना मला माझ्या समोरचा माठ आठवला, आणि मी पथ्य सांगत होतो अशी स्वतःची समजूत घालून घेतली.

शिक्षेच्या भागात सहावा रविवार उत्तम होता. इ.स.पू. ४२८ मध्ये अथेन्सच्या साम्राज्यातील मिटिलिनी या नगराने बंड केले. ते मोडल्यावर अथेन्सच्या सभेने तिथल्या सर्व प्रौढ पुरुषांना ठार मारावे आणि बायका-मुलांना गुलाम करावे असा ठराव केला, आणि हुकूम घेऊन जहाज रवानाही झाले. दुसऱ्या दिवशी लोकांना पश्चात्ताप झाला, पुन्हा सभा भरली. क्लिऑन म्हणाला की ठरलेला निर्णय बदलणारी लोकशाही साम्राज्य चालवू शकत नाही. डायोडोटसने दयेचा शब्दही काढला नाही. तो म्हणाला की आपण इथे न्यायालयात बसलेलो नाही, आपल्याला काय उपयोगाचे हे ठरवायला बसलो आहोत. मृत्युदंड आजवर वाढतच आला आहे, तरी माणसे गुन्हे करतात, कारण आशा आणि हाव भीतीपेक्षा बलवान असतात. आणि शरण आल्यावरही मरणच असेल तर पुढचे शहर शेवटपर्यंत लढेल. हात वर करून घेतलेले मतदान जवळजवळ समसमान झाले, डायोडोटस निसटता जिंकला. दुसरे जहाज निघाले तेव्हा पहिल्याला सुमारे एक दिवस आणि रात्र होऊन गेली होती. वल्हेकरी द्राक्षारस आणि तेलात कालवलेले सातूचे पीठ वल्ही मारता मारताच खात होते, आळीपाळीने झोपत होते. पहिला हुकूम तिथल्या सेनापतीने वाचून काढला होता, आणि अंमलबजावणी सुरू होणार तेवढ्यात ते पोहोचले. इतिहासकार थ्युसिडिडिसचा हा वृत्तान्त सरांनी एका सुरात वाचला आणि सभागृहात पंख्याचा आवाज ऐकू येत होता. त्यानंतरही क्लिऑनच्या प्रस्तावावर बंडाच्या सूत्रधारांपैकी हजाराहून अधिक जणांना ठार मारले गेले, हे त्यांनी वगळले नाही, याबद्दल त्यांचे आभार.

या वेळी आमचेही मतदान हात वर करून झाले. पहिल्या बाकावरचे दोन हात वर गेल्यावर मागचे हात कसे वर जातात, हे एका विद्यार्थिनीने लगेच टिपले आणि चकत्यांचे महत्त्व पुन्हा एकदा सिद्ध झाले.

सातव्या रविवारी सॉक्रेटिस आला आणि परीक्षण करणारे सर भाविक झाले. इ.स.पू. ३९९ चा हा खटला शिक्षणासाठी सोन्यासारखा आहे, कारण त्यात कायद्याने शिक्षा ठरलेली नव्हती. दोषी ठरल्यावर फिर्यादीने एक शिक्षा सुचवायची, आरोपीने दुसरी, आणि पंचांनी दोहोंतली एकच निवडायची. मधला मार्ग काढण्याची मुभा नाही. आमच्या सत्र न्यायालयात दोषसिद्धीनंतर शिक्षेच्या मुद्द्यावर आरोपीचे म्हणणे ऐकतात, तेव्हा तो वृद्ध आईवडील, लहान मुले आणि पहिलाच गुन्हा यांचा उल्लेख करतो. सॉक्रेटिसने नगराच्या खर्चाने जेवण मिळावे असे आधी सांगितले, मग एक मिना दंड, आणि शेवटी मित्रांच्या हमीवर तीस मिना. न्यायपंचाचा दिवसाचा भत्ता तीन ओबोल, म्हणजे अर्धा ड्राख्मा. त्या हिशेबाने तीस मिना म्हणजे सहा हजार दिवसांचा भत्ता झाला, त्यामुळे ही रक्कम थट्टेची नव्हती. तरीही ती मागणी ज्या सुरात आली, त्या सुरानंतर पंचांपुढे मृत्युदंडाशिवाय काय उरले होते, हा वकिली प्रश्न मी विचारला आणि सरांनी तो हसून बाजूला सारला. तीस मते इकडची तिकडे झाली असती तर तो सुटला असता, हे स्वतः सॉक्रेटिसच म्हणतो असे प्लेटोने लिहिले आहे. इ.स.पू. ४०४ मध्ये अथेन्सची सत्ता बळकावलेल्या तीस जुलमी सत्ताधीशांपैकी क्रिटिअस हा त्याच्या सहवासातला होता आणि इ.स.पू. ४०३ च्या माफीनुसार जुन्या राजकीय अपराधांवर फिर्याद करता येत नव्हती, ही पार्श्वभूमी कोणी विचारले म्हणून शेवटच्या दहा मिनिटांत आली. ती सुरुवातीला यायला हवी होती. फिर्याद करणाऱ्यांतला ॲनिटस हाच न्यायपंचांना लाच देण्याची पद्धत पाडणारा, असे ॲरिस्टॉटलच्या नावावरील राज्यघटनेच्या ग्रंथात म्हटले आहे. हेही मला टिपणांत सापडले नाही.

याहून गंभीर आक्षेप गुलामांबद्दल आहे. गुलामाची साक्ष एरवी छळ करून घेतली असेल तरच न्यायालयात ग्राह्य धरली जाई, आणि स्त्रियांना न्यायालयात स्वतः उभे राहून बोलता येत नसे. हे दोन्ही मिळून चार मिनिटांत उरकले. मी घड्याळ पाहिले. माठसुद्धा रिकामा झाला नसता.

आठव्या बैठकीत एक चूक झाली, जी मराठवाड्यात तरी व्हायला नको होती. खापरांवर नाव लिहून एखाद्या पुढाऱ्याला दहा वर्षांसाठी नगराबाहेर पाठवण्याची अथेन्सची प्रथा सरांनी ‘वाळीत टाकणे’ अशी समजावली आणि टिपणांतही तोच शब्द छापला आहे. त्या प्रथेत निदान सहा हजार खापरे पडावी लागत. गेलेल्याची मालमत्ता आणि नागरिकत्व अबाधित राहत असे, कुटुंबाला कोणी हात लावत नसे, आणि मुदत संपल्यावर तो ताठ मानेने परत येत असे. ती सत्तावान माणसाविरुद्ध वापरण्याची गोष्ट होती. आपल्याकडे जातपंचायत ज्याला वाळीत टाकते त्याचे पाणी, किराणा, लग्नकार्य आणि मयतीचे खांदेकरीसुद्धा बंद होतात, आणि त्यासाठी महाराष्ट्राला २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. ‘खापर-हद्दपारी’ म्हटले असते तर चालले असते. थेमिस्टोक्लिसचे नाव लिहिलेली १९० खापरे एका विहिरीत सापडली आणि ती मोजक्याच चौदा हातांनी लिहिलेली होती, म्हणजे निवडणुकीच्या चिठ्ठ्या आधीच लिहून वाटायचा उद्योग जुनाच आहे, हा तपशील मात्र सरांनी रंगवून सांगितला.

व्यवस्थेविषयी थोडक्यात. टिपणे बत्तीस पानांची असून त्यांत पेरिक्लिसचे नाव चार प्रकारे छापले आहे. ध्वनिक्षेपक तिसऱ्या रविवारपासून बंद होता. शुल्काची पावती सहाव्या रविवारी मिळाली, तीही मागितल्यावर. चहा वेळेवर येतो आणि चांगला असतो.

वकिलांनी, आणि विशेषतः नव्याने सनद घेतलेल्यांनी, हा वर्ग करावा. परीक्षेच्या उत्तरात टाकण्यासाठी तयार मुद्दे हवे असणाऱ्यांची निराशा होईल. वेळ कमी असेल तर तिसरी, चौथी आणि सहावी बैठक चुकवू नये, आणि पाचवीला उशिरा गेले तरी बिघडत नाही. पुढची तुकडी दिवाळीनंतर सुरू होणार आहे. तिसऱ्या रविवारी पिण्याचे पाणी घरून न्यावे, कारण सभागृहात माठ एकच आहे.